निळ्या खडूशिवाय निळं पीस

तिसरीतल्या माझ्या भाचीला चित्रकलेचा प्रकल्प मिळाला: उष्ण प्रदेशातले रंगीत पक्षी. तिनं निवडला तांबडा मकाव. मेक्सिकोपासून ॲमेझॉनच्या खोऱ्यापर्यंत राहणारा हा पोपट शेपटीसकट 80 सेंटिमीटरच्या वर भरतो. तेलखडूंच्या डबीतून तिनं लाल, पिवळा आणि निळा खडू बाजूला काढला. त्यातला निळा मकावकडे नसतोच, हे सांगितल्यावर तिला ते अजिबात पटलं नाही.

लाल आणि पिवळा ही मात्र खरीखुरी रंगद्रव्यं आहेत, आणि ती पोपटांची स्वतःची. ठाण्याच्या खाडीत येणाऱ्या रोहित पक्ष्यांचा गुलाबी रंग शेवाळ आणि बारीक कोळंबीसारख्या जिवांतून, म्हणजे पोटातून येतो. पोपट आपला रंग शरीरातच बनवतात. त्याला सिटॅकोफल्विन म्हणतात आणि तो पोपटांखेरीज दुसऱ्या कुठल्याच पक्ष्यात सापडलेला नाही.

निळ्याची गोष्ट फारच सुंदर आहे. पीस बनतं केराटिनचं, म्हणजे आपल्या नखांत असतं तशा प्रथिनाचं. निळ्या पिसाच्या तंतूत हे केराटिन स्पंजासारखं सच्छिद्र असतं. त्यातली हवेची छिद्रं इतकी बारीक आणि इतक्या सारख्या अंतरावर असतात, की त्यांच्यावरून परतणाऱ्या निळ्या प्रकाशाच्या लाटा एकमेकींना जोर देतात. उरलेला प्रकाश खाली उतरतो आणि तिथला मेलॅनिनचा काळपट थर तो गिळून टाकतो. हा काळा थर नसेल तर निळाई फिकी, पांढुरकी पडते. लाल पीस कुटलं तर भुकटी लालच राहते. निळं कुटलं तर रचना मोडते, रंग जातो आणि हातात मातकट भुकटी उरते. नीलपंख पक्ष्याच्या पिसातल्या अशाच निळाईचा अभ्यास सी. व्ही. रामन यांनी 1934 मध्ये केला होता.

मग पोपटाचा हिरवा? वर पिवळं द्रव्य, खाली निळी रचना. आपल्याकडे ज्यांना सर्रास लव्हबर्ड म्हणतात त्या बजरीगारमध्ये हे स्पष्ट दिसतं. मूळचा बजरीगार हिरवा. पिवळं द्रव्य बनवणाऱ्या एका जनुकात बिघाड झाला, की तो निळा होतो. ते जनुक 2017 मध्ये सापडलं.

हे ऐकून भाचीनं चित्र पुन्हा पुढ्यात ओढलं. दक्षिण अमेरिकेतल्या तांबड्या मकावच्या पंखावर पिवळ्या आणि निळ्याच्या मध्ये हिरवा पट्टा असतो. हिरवा खडू तिनं डबीतच ठेवला. निळ्याच्या कडेवर पिवळा खडू दोनदा घासला, बोटानं पुसला, आणि पट्टा उमटला.