सेलम: दहा वर्षंही न टिकलेली क्रूझर

घरच्या ग्रुपवर एक रील आलं, ‘अमेरिकेची झपाटलेली युद्धनौका’. सेलम नावाची क्रूझर, १९५३ साली ग्रीसच्या आयोनियन बेटांवर भूकंप झाला तेव्हा तिथले मृतदेह हिच्यावर ठेवले, मग बोटीवर भुतं दिसायला लागली आणि नेव्हीने ती घाईघाईत बंद केली म्हणे. मला खरंच राग आला. भूकंपानंतर मदत घेऊन पोचलेलं पहिलं अमेरिकन जहाज सेलमच होतं, आणि लोकांच्या लक्षात काय राहतं तर भूत!

सेलम १४ मे १९४९ ला सेवेत आली आणि ३० जानेवारी १९५९ ला बाहेर पडली. २१८ मीटर लांब, सुमारे अठराशे माणसं, आणि ८ इंची नऊ तोफा. या तोफांसाठीच हा लेख लिहायला घेतलाय.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये पॅसिफिकमधल्या सॉलोमन बेटांजवळ जपान्यांशी झालेल्या रात्रीच्या लढायांत अमेरिकन नेव्हीला एक गोष्ट कळली, की तिची ८ इंची तोफ मिनिटाला जेमतेम तीन-चार गोळे टाकते आणि तेवढ्यात जपानी विनाशिका टॉर्पेडो सोडून पसार होतात. उशीर कुठे व्हायचा? दर वेळी नळी ठरावीक कोनात खाली आणायची, गोळा आत ढकलायचा, मागून दारूच्या रेशमी पिशव्या, मग मागचं दार फिरवून घट्ट लावायचं. सेलमच्या तोफेत पिशव्यांच्या जागी दारू भरलेली पितळी पुंगळी आली, नळी कुठल्याही कोनात असली तरी मशीनच गोळा भरायचं, आणि वेग गेला मिनिटाला दहावर. १५२ किलोचा एक गोळा धरला तर नऊ तोफांचे मिनिटाला साडेतेरा टनांहून जास्त होतात!

आणि ही पुंगळी नुसता डबा नाहीये. आतून झाकण लागणारा कुकर आठवा, वाफ जितकी वाढते तितकं झाकण जास्त घट्ट बसतं. तसंच दारू पेटली की दाबाने पितळ फुगतं, तोफेच्या पोलादी भिंतीला आतून चिकटतं आणि गॅसला मागे यायला वाटच ठेवत नाही. भिंतही किंचित फुगते, पण दाब उतरला की पितळ तिच्यापेक्षा थोडं जास्त आकसतं, केसाएवढी फट पडते आणि पुंगळी सुटून बाहेर येते. पितळ फार मऊ असेल तर ते परत आकसणार नाही, अडकून बसेल, फार कडक असेल तर तडकेल, म्हणजे धातूचा कडकपणा अगदी नेमका जमावा लागतो. सहा सेकंदांत एक गोळा जातो तो या आकसण्याच्या जोरावर.

मग एवढी भारी बोट बंद का केली? तोफेचा पल्ला सत्तावीस किलोमीटरच्या आसपास, आणि तोवर जेट विमानं शेकडो किलोमीटरवरून हल्ला करायला लागली होती, क्षेपणास्त्रंही आली होती, वर अठराशे लोकांचा खर्च. अशी बारा जहाजं बांधायची ठरली होती, युद्ध संपलं आणि सेलम धरून तीनच झाली. बाकीच्या दोघींपैकी डे मॉइन १९६१ मध्ये सेवेतून गेली, न्यूपोर्ट न्यूज मात्र १९७५ पर्यंत राहिली कारण व्हिएतनामच्या किनाऱ्यावर मारा करायला तोफाच लागत होत्या. १९७२ मध्ये तिच्या एका तोफेतच गोळा फुटून वीस नौसैनिक गेले.

सेलमने एका ब्रिटिश सिनेमात ग्राफ श्पे या जर्मन जहाजाचं काम केलं, समोर होती आपली आयएनएस दिल्ली, सिनेमात दाखवलेल्या १९३९ च्या लढाईत ग्राफ श्पेशी अकिलीस नावाने खरोखर लढलेली. दिल्ली १९३३ ची, तोफा जुन्या पद्धतीच्या, आणि ती १९७८ पर्यंत सेवेत होती. सेलम आज मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सीत म्युझियम म्हणून उभी आहे, जिथे बांधली गेली तिथेच.