मीटरवर 88 टक्के दिसतंय, मग आज वादळ येणार का?

हवामान मीटर घेतल्यावर आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि खरं सांगायचं तर हे आर्द्रतेचे टक्के, म्हणजे त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या बाष्पापैकी किती बाष्प आहे ते, बघून याचं उत्तर मिळतच नाही. सकाळी 22 अंशाला मीटर 88 टक्के दाखवतो, दुपारी 35 अंशाला तोच 42 वर येतो, लोकांना वाटतं हवा कोरडी झाली, पण बाष्प तेवढंच असतं, फक्त हवा तापली. दोन्ही वेळेला दवबिंदू, म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत गार झाली की बाष्पाचं पाणी व्हायला लागतं ते, 20 अंशच असतो, तेव्हा बघायचा तो आकडा हा, मोडचं बटण दाबलं की येतो.

बाष्पाला एवढं महत्त्व का, तर वादळाचं इंधनच ते. तापलेली दमट हवा वर जाते, गार होते, बाष्पाचं पाणी होऊन ढग बनतो आणि त्यात उष्णता बाहेर पडते, एक किलो बाष्पामागे इतकी की साधारण 6 लिटर बर्फगार पाण्याला उकळी फुटेल. त्या उष्णतेने हवा आणखी वर ढकलली जाते. ढगाचा तळ किती उंचावर असेल तेही अंदाजे काढता येतं, तापमानातून दवबिंदू वजा करा आणि 125 ने गुणा, म्हणजे वरच्या दुपारी 1875 मीटर.

पण दवबिंदू चढला म्हणजे वादळ नक्की असंही नाही हं. वर कधीकधी उबदार हवेचा थर झाकणासारखा बसलेला असतो, खाली नुसता उकाडा, घामाच्या धारा, आणि आकाश स्वच्छ. ते झाकण फुटलं तर संध्याकाळी एकदम उसळी. मधल्या थरात कोरडी हवा असली तर पावसाचे थेंब तिथेच सुकतात, हवा गार आणि जड होऊन धाडकन खाली येते, म्हणून पाऊस चार थेंब आणि वारा मात्र पत्रे उडवणारा. हे वरचं आपल्या मीटरला दिसत नाही, त्यासाठी हवामान खाती मोजणीचं यंत्र बांधलेले फुगे सोडतात, तेही बहुतेक ठिकाणी दिवसातून दोनदाच, मधल्या तासांत बाष्प बदललं की अंदाज चुकतो.

सेन्सर सावलीत, जमिनीपासून दीडेक मीटरवर, भिंतीपासून लांब लावा. आम्ही स्वतः पहिला सेन्सर कपडे वाळत घालतो त्या दोरीशेजारी लावला होता, धुणं पडलं की दवबिंदू वर! आणि गडगडाट ऐकू यायला लागला की रीडिंग बघायला बाहेर जाऊ नका, ते मेमरीत राहतं.