आसन-गोधडी: पाकिटासोबतचं माहितीपत्रक

पावसानं ओढ दिलेली असते, घरात कुणाच्या तरी दवाखान्याच्या चकरा चालू असतात, नाहीतर लेकराचा निकाल लागायचा असतो. अशा दिवसांत डोकं एकाच गोष्टीभोवती फिरत राहतं. गोधडी शिवताना पुढचा टाका कुठं घालायचा एवढंच ठरवावं लागतं, आणि घातलेला टाका लगेच डोळ्यांना दिसतो. नवख्या माणसाला आम्ही अख्खी वाकळ सुचवत नाही. ५० सेंमी चौरस आसन बरं: पिशवीत मावतं, दवाखान्याच्या बाकावरही शिवता येतं.

पाकिटात भरतकामाच्या ५ नंबरच्या दोन सुया, सहापदरी सुती दोऱ्याच्या ८ मीटरच्या तीन लडी, कच्च्या टाक्यांसाठी पांढरा रीळ आणि अंगुस्तान आहे. कापड मुद्दाम दिलेलं नाही. ते घरातलंच, धुऊन धुऊन मऊ पडलेलं हवं.

कापड
जुनं सुती लुगडं, धोतर, परकर, काहीही चालेल. नवं सुती कापड घ्यायचंच असेल तर रात्रभर भिजवून खळ काढा आणि वाळवा. नाहीतर पहिल्या धुण्यात तेवढाच थर आटतो आणि बाकीच्यांना ओढून चुण्या पाडतो. सिंथेटिक साडी नको. तिचे थर शिवताना सरकतात, वर घामही टिपला जात नाही. पैठणीचा काठ कितीही देखणा असला तरी तो इथं लावू नका. जरीवर घासून दोरा तुटतो. लाल किंवा मरून कापडाचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहा. रंग लागला तर ते आतल्या थरातही नको, कारण धुतल्यावर तो वर येतो.

थर आणि कच्चे टाके
सर्वात खाली ५६ सेंमीचा चौकोन, त्यावर मधोमध ५० सेंमीचे दोन आणि वर ५० सेंमीचा देखणा थर. वरच्या थरावर ठिगळं लावायची असतील तर त्यांच्या कडा अर्धा सेंमी आत मोडून घ्या. सगळं सपाट फरशीवर अंथरा, मधून कडेकडे हात फिरवा. आधी मधून उभी-आडवी एकेक ओळ कच्चा टाका घाला, मग दर १० सेंमीवर. हे काम कंटाळवाणं वाटतं म्हणून बहुतेक जण टाळतात, आणि आमच्याकडे दाखवायला येणाऱ्या वाकड्या गोधड्यांचं कारण बहुधा तेच निघतं.

धावदोरा
लडीतून ७५ सेंमी दोरा कापा. त्यातले तीन पदर घ्या, पण एकेक सुटा ओढून. तिन्ही एकदम ओढले की गुंता ठरलेला. दोरा याहून लांब घेऊ नका, कापडातून वारंवार जाऊन तो फुसफुशीत होतो. गाठ थरांच्या मधे दडवा. पहिली ओळ मधोमध, मग १ सेंमी अंतरानं दोन्ही बाजूंना कडेकडे, म्हणजे उरलेला झोळ बाहेर निघून जातो. काठापासून गोल गोल आत येण्याची जुनी रीतही सुंदर दिसते, पण त्यात झोळ मधे साचून फुगवटा येतो. तसं शिवायचं असेल तर कच्चे टाके ५ सेंमीवर घाला.

टाका सुमारे अर्धा सेंमी, मधली जागाही तेवढीच. सुईवर तीन-चार टाके घेऊन मगच दोरा ओढा, आणि ओळ संपली की अंगठ्यानं दाबून सैल करा. मन अस्वस्थ असलं की हात दोरा आवळतो. चुण्या दिसल्या की समजा, थोडं थांबायला हवं. ओळ उसवायला लाजू नका.

शेवटी खालच्या थराची कड १ सेंमी आत मोडून उरलेली २ सेंमी वर आणा आणि शिवा. कोपऱ्यात घड्या एकावर एक येतात. तिथं आतलं कापड थोडं छाटलं नाही तर सुई मोडते.

एप्रिल-मे महिन्यात घामेजल्या हातात सुई अडते, म्हणून सकाळच्या उजेडात बसलेलं बरं. लाइट गेल्यावर मोबाइलच्या उजेडात शिवू नका.

शिवणकाम औषध नव्हे. झोप उडून, जीव घाबरा होऊन दोन-तीन आठवडे झाले असतील तर डॉक्टरांना दाखवा. सरकारच्या टेली-मानसच्या १४४१६ या नंबरवर २४ तास मोफत बोलता येतं, मराठीतही.

पहिलं धुणं थंड पाण्यात, वेगळं. पिळू नका, सावलीत आडवं वाळवा. सुया बोथट झाल्या तर पाकीट दाखवून बदलून मिळतील. लडी सुट्याही मिळतात, फक्त रंग जुळवायला दोऱ्याचा तुकडा सोबत आणा.