संयोजी ऊती

शरीरातील अवयव व इतर ऊती जोडून ठेवणारी, त्यांना आधार देणारी ऊती. विदर्भातल्या खेड्यात तिची पहिली ओळख सूक्ष्मदर्शकाखाली नाही, तर बाजाराच्या दिवशी खाटकाकडे होते. बोकड सोलताना कातडी आणि मांस यांच्यामध्ये ओला, पांढरट, कोळ्याच्या जाळ्यासारखा पापुद्रा ताणला जातो आणि मुठीने सारला की सुटतो. ही विरल संयोजी ऊती.

इतर ऊतींत पेशींना महत्त्व. इथे पेशींमधल्या जागेला. पेशी विरळ असतात आणि त्यांच्यामध्ये आधारद्रव्य (मधली जागा भरणारा पदार्थ) व तंतू (कोलॅजेन या चिवट प्रथिनाचे, लवचिक, आणि जाळीसारखे म्हणजे जालिका) पसरलेले असतात. वर्गीकरणही मुख्यतः या मधल्या द्रव्यावरूनच करतात.

तंतू व आधारद्रव्य तयार करते ती फायब्रोब्लास्ट पेशी. जखम भरून व्रण उरतो तो तिच्यामुळे. चरबीपेशीत मेदाचा एकच मोठा थेंब असतो आणि केंद्रक कडेला दाबले जाते. सूक्ष्मदर्शकासाठी काचपट्टी बनवताना मेद विरघळून जातो, म्हणून ही पेशी रिकाम्या अंगठीसारखी दिसते. या दोन्ही पेशी मुक्कामी, म्हणजे ऊतीतच कायम राहणाऱ्या. महाभक्षी पेशी रक्तातल्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशीपासून बनतात व जंतू, मृत पेशी गिळतात. प्लाझ्मा पेशी प्रतिपिंडे (रोगजंतूंना निकामी करणारी प्रथिने) बनवतात. मास्ट पेशींना पॉल एर्लिक यांनी १८७८ साली नाव दिले. त्यांच्या कणांत हिस्टामीन (सूज आणणारे द्रव्य) व हेपारिन (रक्त गोठू न देणारे द्रव्य) असते. गांधीलमाशी चावली की घटकाभरात ओठ सुजतो, त्यात या हिस्टामीनचा मोठा हात.

घन ऊतीत तंतूंची दाटी असते. स्नायुरज्जू (स्नायू हाडाला जोडणारा) व अस्थिबंध (हाडाला हाड जोडणारा) यांत ते एकाच दिशेने, समांतर. बोलीत मात्र स्नायुरज्जू, मज्जातंतू, रक्तवाहिनी सगळ्यांना ‘शीर’च म्हणतात, त्यामुळे ‘शीर आखडली’ यावरून निदान होत नाही. त्वचेच्या आतल्या थरात तंतू वाटेल त्या दिशेने विणलेले असतात, कारण तिथे ताण सगळीकडून येतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद-तुपाने शेकतात तो बैलाचा खांदा जुवाचे ओझे पेलतो ते याच विणीवर. कातडे कमावतानाही बाभळीच्या सालीतले टॅनिन याच कोलॅजेनला धरून बसते.

विशेष प्रकारांत कास्थी (कूर्चा), अस्थी (हाड) आणि रक्त. कास्थीत रक्तवाहिन्या नसतात. वर्षानुवर्षे रोवणी करणाऱ्या बाईच्या गुडघ्यातली कास्थी एकदा झिजली की सहजी भरून येत नाही. अस्थीत कोलॅजेनवर कॅल्शियम-फॉस्फेटचे क्षार बसलेले असतात, तरी ती जिवंत असते, मोडली तर सांधते.

रक्ताला या यादीत पाहून विद्यार्थी हमखास बिचकतात. त्याचे आधारद्रव्य द्रव असते आणि तंतू गोठल्यावरच दिसतात. पण इतर प्रकारांप्रमाणेच त्याचे मूळ भ्रूणाच्या मध्यस्तरात आहे. गडचिरोली, चंद्रपूर भागात आढळणाऱ्या सिकलसेल आजारात बिघाड रक्तपेशीत असतो. विळ्यासारख्या झालेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात, हाडाचा रक्तपुरवठा तुटतो आणि रुग्ण सांगतो, ‘हाडं ठणकतात.’