पिवळी गोळी, रविवार आणि आम्ही मेडिकलवाले

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. संध्याकाळची गर्दीची वेळ, सर्दी-तापाची गिऱ्हाईकं नुसती रांगेत, आणि त्यात एक मावशी आल्या आणि संपत आलेली स्ट्रिप काउंटरवर ठेवून म्हणाल्या, "दादा, ही रोजची गोळी संपली बघ, अजून एक पाकीट दे." स्ट्रिप बघितली आणि पोटात गोळा आला. मेथोट्रेक्सेट, साडेसात मिलिग्रॅम. संधिवातात ही गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते, म्हणजे दहाची स्ट्रिप अडीच महिने पुरायला पाहिजे, आणि मावशींनी नऊ दिवसांत आठ गोळ्या खाल्ल्या होत्या. मी विचारलं, तोंड आलंय का? "हो ना रे, चार दिवस झाले, तिखट लागतच नाही तोंडाला, दूधभात खातेय."

झालं काय होतं तर डॉक्टरांनी बरोबर लिहिलेलं, रविवारी मेथोट्रेक्सेट आणि बाकी सहा दिवस फोलिक ॲसिड. पण दोन्ही गोळ्या लहान, दोन्ही पिवळ्या. घरी गेल्यावर अदलाबदल झाली. आणि गोळ्या गेल्या होत्या आमच्याच दुकानातून, मी त्या दिवशी सुट्टीवर, पोराने बिल केलं, पिशवीत घातलं, "डॉक्टरांनी सांगितलंय तशा घ्या" म्हणाला आणि पुढचं गिऱ्हाईक. मावशींना रिक्षात घालून डॉक्टरांकडे पाठवलं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी निघाल्या, ॲडमिट केलं, मेथोट्रेक्सेटवरचा उतारा म्हणून फोलिनिक ॲसिड दिलं, वाचल्या. अजून आठवडाभर कुणी विचारलं नसतं तर काय झालं असतं त्याचा विचार मी करत नाही.

यात तोंड का येतं हे समजून घ्यायला भारी आहे. पेशीला दोन व्हायचं असेल तर आधी नवीन डीएनए बनवावा लागतो आणि त्याला फोलेट लागतं, फोलिक ॲसिडची गोळी म्हणजे त्याचंच एक रूप. मेथोट्रेक्सेट हे फोलेट वापरात आणणाऱ्या एन्झाइमलाच अडवून धरतं. मग ज्या पेशी सगळ्यात भराभर वाढतात त्यांचं काम आधी थांबतं, म्हणजे तोंडातलं अस्तर, आतडं आणि हाडातला मगज जिथे रक्त तयार होतं. आठवड्याला एक डोस असेल तर मधले सहा दिवस शरीर सावरून घेतं आणि फोलिक ॲसिड त्यालाच मदत करतं. रोज घेतली की सावरायला वेळच नाही. शिवाय हे औषध बाहेर पडतं किडनीतून, त्यामुळे म्हातारं माणूस आणि जोडीला मेडिकलमधून परस्पर घेतलेली दुखण्याची गोळी असली की औषध अंगात साठतं आणि अजून अवघड.

आता हे सगळं बोलायला काउंटरवर किती वेळ लागतो? दोन मिनिटं. आणि त्या दोन मिनिटांचे मिळतात शून्य रुपये.

हे जरा नीट सांगतो, कारण लोकांना वाटतं मेडिकलवाला म्हणजे किराणा दुकानदारच, फक्त एप्रन घातलेला. किमतीवर नियंत्रण असलेल्या औषधांवर किरकोळ दुकानदाराला १६ टक्के मार्जिन धरलंय, २०१३ च्या औषध किंमत आदेशात तसं आहे, बाकीच्यांवर साधारण २० टक्के. टक्के म्हणजे काय, तर दुकानाला २०० ला पडलेली स्ट्रिप विकली की १६ टक्क्यांनी ३२ रुपये आणि २० ला पडलेली विकली की तीन रुपये वीस पैसे. काम तेवढंच, जागा तेवढीच, लाइटबिल तेवढंच. म्हणजे पेशंटचे पैसे वाचवणारा फार्मासिस्ट स्वतःचेच कमी करत असतो. कायद्याने औषध रजिस्टर्ड फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच गेलं पाहिजे, आणि २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत पेशंटला समजावून सांगणं हे त्याचं काम म्हणून लिहिलेलंय, पण कित्येक ठिकाणी भिंतीवर सर्टिफिकेट एकाचं आणि काउंटरवर दुसराच, हे तुम्हालाही माहितीये.

बरं, लोक म्हणतात मग जेनेरिक, म्हणजे तेच औषध पण मोठ्या ब्रँडशिवाय, द्या ना सरळ. चिठ्ठीवर ब्रँड लिहिलेला असेल आणि औषध शेड्यूल एच मधलं, म्हणजे फक्त चिठ्ठीवर द्यायच्या यादीतलं असेल तर नियमाने मला त्याऐवजी दुसरं देताच येत नाही, आतलं औषध तेच असलं तरी! अमेरिकेत किंवा युरोपात बऱ्याच ठिकाणी फार्मासिस्ट असा बदल करू शकतो, आपल्याकडे नाही. डॉक्टरांनी औषधाच्या मूळ नावाने लिहावं असं मेडिकल कौन्सिलने २०१६ मध्येच सांगून झालंय, आणि चिठ्ठ्या कशा येतात ते मी रोज बघतो. जेनेरिक विकणारी सरकारी योजनेतली जनऔषधी केंद्रं २००८ पासून आहेत, तिथे दर मोठ्या ब्रँडच्या निम्म्याहून कमी असतात. तर डॉक्टरांनाच सांगा, "साहेब, मूळ नाव लिहून द्या."

"पण जेनेरिक लागू पडत नाही हो" हे आठवड्यातून दहादा ऐकतो. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथे औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, १९९६ ते २००७ मधल्या २,०७० चाचण्या एकत्र बघितल्या होत्या, ब्रँड आणि जेनेरिक घेतल्यावर रक्तात एकूण किती औषध पोचतं याची तुलना, आणि सरासरी फरक निघाला साधारण साडेतीन टक्के. एवढा फरक तर जेवण आधी की नंतर यानेही पडतो. तरी मी सगळीकडे एकच उत्तर देत नाही. फिटची औषधं, थायरॉइडची, वॉरफरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी, इथे थोड्याशा फरकानेही फरक पडतो, म्हणून जो ब्रँड चालू आहे तोच ठेवा, बदलायचा तर डॉक्टरांना सांगून, आणि दर महिन्याला वेगळा तर अजिबात नको. हे ऐकून गिऱ्हाईक वैतागतं की मघाशी एक म्हणालास आता दुसरं.

इन्सुलिनचं तर सांगूच नका. आपल्याकडे कुपीत बहुतेक ४० युनिट प्रति मिली वालं मिळतं आणि पेनच्या कार्ट्रिजमध्ये १०० वालं. सिरिंजही दोन, लाल टोपीची ४० ची आणि केशरी टोपीची १०० ची. १०० वालं इन्सुलिन चुकून लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरलं तर अंगात जातात ५० युनिट. अडीचपट! रात्री शुगर खाली जाऊन माणूस बेशुद्ध. उलटं केलं तर २० ऐवजी फक्त आठ युनिट, मग शुगर वाढतेच का म्हणून डॉक्टर डोस वाढवत बसणार. टोपीचा रंग बघायला एक सेकंद लागतो, फक्त बघणारा पाहिजे.

एक आजोबा आहेत, बीपी, शुगर, गुडघे सगळं. त्यांना म्हणलं घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून आणा. चौदा स्ट्रिपा निघाल्या. हार्टवाल्या डॉक्टरांनी दिलेली बीपीची टेल्मिसार्टन एका नावाने आणि गावातल्या डॉक्टरांनी दिलेली तीच दुसऱ्या नावाने, दोन्ही चालू, आणि आजोबांची तक्रार काय तर सकाळी उठलं की चक्कर येते. ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल, जी पंधरा दिवसांसाठी लिहिली होती, तिचं तिसरं वर्ष. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल आणि अंगदुखीच्या गोळीतही पॅरासिटामॉल. दोन स्ट्रिपांवर तर एक्स्पायरीच नाही, कारण पाच-पाच गोळ्या कापून देताना तारखेचा तुकडाच गेलेला. (कापून घेत असाल तर तारखेकडची बाजू मागा, राहिली तर दुकानात राहू दे दुसरी बाजू.) मी स्वतः काही बंद करत नाही, तो माझा अधिकार नाही, मी यादी करून दिली आणि डॉक्टरांना फोन केला. चौदाच्या नऊ झाल्या. चक्कर थांबली. मालक म्हणाले असे चार आजोबा रोज आले तर दुकानाला कुलूप लावावं लागेल, हसत म्हणाले पण म्हणाले.

फार्मासिस्टच्या अशा वेळेचे पैसे दिले तर काय होतं, याचा हिशोब एका शहराने करून बघितलाय. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातलं ॲशव्हिल, १९९६ पासून. नगरपालिकेनेच आपल्या डायबेटिक कर्मचाऱ्यांची फार्मासिस्टशी गाठ घालून दिली, त्या भेटींचे पैसे फार्मासिस्टला दिले आणि कर्मचाऱ्याला डायबेटिसची औषधं जवळपास फुकट. औषधांचा खर्च वाढला, कारण लोक गोळ्या खरंच घ्यायला लागले. पण एकूण उपचारांचा खर्च माणशी वर्षाला १,२०० ते १,८७२ डॉलरने खाली आला. तिथे खर्च भरणारी नगरपालिकाच होती त्यामुळे वाचलेला पैसा तिला दिसला, आपल्याकडे पेशंट खिशातून भरतो, वाचलेलं हॉस्पिटलचं बिल कुणाच्याच वहीत येत नाही.

मावशी अजून येतात. मेथोट्रेक्सेट द्यायच्या आधी आता मी प्रत्येक स्ट्रिपवर मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात "फक्त रविवार" लिहितो आणि त्यांच्याकडूनच वाचून घेतो. साध्या पेनची शाई त्या चंदेरी कागदावर टिकत नाही, लगेच पुसते, परमनंट मार्कर लागतो. तो चाळीस रुपयाचा, महिना-दीड महिना जातो. दुकानाच्या खर्चात धरा म्हणून एकदा बोलून बघितलं. सध्या माझ्याच खिशातून आणतोय.