डबल काच म्हणजे नक्की कुठली?

ठाण्यात घोडबंदर रोडला लागून राहणारा माणूस खिडक्या बदलायला निघतो तो दोनच कारणांनी: रात्रीचे ट्रक नाहीतर दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन. आमच्या घरात दोन्ही. खिडकीवाला आला, टेप लावून मापं घेतली आणि म्हणाला, "मॅडम, डबल काच टाकून घ्या. आवाज बंद, गरमीपण बंद." टाकून घेतली. हॉर्न, भाजीवाल्याची आरोळी, समोरच्या बिल्डिंगमधलं कुत्रं, हे सगळं बऱ्यापैकी मावळलं. पण रात्री दीड वाजता सिग्नल सुटला की ट्रकची घरघर पूर्वीसारखीच उशीपर्यंत यायची.

नंतर कळलं की 'डबल काच' या नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. विकणारे फरक सांगत नाहीत, कारण घेणारे विचारत नाहीत.

पहिली लॅमिनेटेड. दोन काचांमध्ये पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा पारदर्शक पापुद्रा घालून, उष्णता आणि दाब देऊन त्या चिकटवलेल्या असतात. मोटारीची पुढची काच याच जातीची. दुसरीला दुकानदार डीजीयू, म्हणजे डबल ग्लेझ्ड युनिट, म्हणतात. तिच्यात दोन काचा एकमेकींपासून लांब असतात, मध्ये साधारण 12 मिमी कोरडी हवा, कडेने धातूची पोकळ पट्टी, पट्टीत ओलावा शोषणारे दाणे आणि बाहेरून सील. आमच्या घरी आली ती ही.

बसवलेली काच कुठली हे ओळखायला अंधारात मोबाईलची टॉर्च तिरकी धरा. डीजीयूमध्ये प्रतिबिंबांच्या दोन जोड्या एकमेकींपासून ठळक अंतरावर दिसतात, लॅमिनेटेडमध्ये ती जवळजवळ खेटून असतात. काचेची कड उघडी असेल तर टॉर्चचीही गरज नाही, ती बघितली की पुरे.

आता आवाज. मध्ये हवा आहे म्हणजे आवाज अडणारच, असं आपल्याला वाटतं. पण 12 मिमी हवा स्प्रिंगसारखी वागते. एका विशिष्ट कंपनाला दोन्ही काचा तिच्यावर झुलतात आणि तेवढा आवाज उलट सहज आत येतो. 6 मिमीच्या दोन काचा आणि 12 मिमी पोकळी असेल तर हे साधारण 200 हर्ट्झच्या आसपास होतं, आणि ट्रकच्या इंजिनाची घरघर त्याच खालच्या पट्टीतली. शिवाय दोन्ही काचा सारख्याच जाडीच्या असल्या की वरच्या पट्टीत दोघींची कमजोरीही एकाच जागी पडते. म्हणून काच किती आवाज अडवते हे मोजायच्या पट्टीवर 6 मिमीची एकेरी काच 31-32 डेसिबलला आणि 6-12-6 चं हे महागडं प्रकरण 33 च्या आसपास, एवढाच फरक. लॅमिनेटेडमधला पापुद्रा मऊ असल्यामुळे काचेचं कंपन स्वतःत जिरवतो. त्यामुळे तेवढ्याच जाडीच्या साध्या काचेपेक्षा ती उजवी ठरते. मात्र अगदी खालची घरघर तिच्यानेही पूर्ण थांबत नाही. त्यासाठी जुनी खिडकी तशीच ठेवून आतल्या बाजूने 10 सेंमीवर दुसरी लावणं हा जास्त परिणामकारक उपाय. नौपाड्यातल्या जुन्या इमारतींच्या 9 इंची भिंतीत ते जमतं; नव्या टॉवरमध्ये भिंतीलाच तेवढी जाडी नसते.

उष्णतेत पारडं फिरतं. एकेरी काचेचं यू-मूल्य 5.7 च्या आसपास, डीजीयूचं 2.8, म्हणजे काचेतून झिरपणारी उष्णता जवळपास निम्मी. लॅमिनेटेडने त्यात नाव घेण्यासारखा फरक पडत नाही. पण हे आकडे बाहेर-आत तापमानाचा मोठा फरक असलेल्या थंड देशांत खरे कामाला येतात. ठाण्यात मे महिन्यात बाहेर 35 आणि एसी 25 वर, म्हणजे फरक 10 अंशांचा. आपल्याला भाजतं ते थेट ऊन, आणि साध्या पारदर्शक डीजीयूमधूनही त्यातलं बरंचसं आत येतं. ते अडवायला सोलर कंट्रोल कोटिंग हवं, किंवा छज्जा. नाजूक प्रकारचं कोटिंग डीजीयूच्या पोकळीतच सुरक्षित राहतं, हा तिचा खरा फायदा. आमच्या खिडकीवाल्याने तो सांगितलाच नाही. पडदे विटणं कमी व्हावं एवढंच हवं असेल तर लॅमिनेटेड पुरते, कारण पीव्हीबी जवळपास सगळे अतिनील किरण अडवतं.

दुसऱ्या पावसाळ्यात हॉलच्या काचेवर धुकं धरलं. सासूबाईंनी ओला फडका मारला, मग वर्तमानपत्राने घासलं, मग मला हाक मारली, "अगं, हा डाग आतून आहे की बाहेरून?" दोन्हीकडून नव्हता, मधोमध होता. सील फुटलं, दाण्यांनी शोषता येईल तेवढं पाणी शोषलं आणि हात टेकले. हे पुसता येत नाही. आख्खं युनिटच बदलावं लागतं. लॅमिनेटेडलाही ओलीचा त्रास होतो, पण तो कडेने पांढुरका पट्टा सुटण्यापुरता. आपल्याकडचा चार महिन्यांचा पाऊस आणि दमट हवा बघता डीजीयू घेणाऱ्याने सीलची वॉरंटी बिलावर लिहून घ्यावी.

फुटण्याच्या बाबतीत लॅमिनेटेड सरळ पुढे. फुटली तरी तुकडे पापुद्र्याला चिकटून राहतात. बाराव्या मजल्यावरून खालच्या पार्किंगमध्ये काचा पडायला नकोत, तर हा मुद्दा हलका धरू नका. 'टफन' काच ही तिसरीच गोष्ट: मजबूत, पण फुटली की बारीक तुकड्यांचा सडा.

कोटेशनवर 'डबल ग्लास' एवढंच लिहू देऊ नका. 6-12-6 म्हणजे पोकळी, 5+1.52+5 म्हणजे पापुद्रा. पहिली 24 मिमी जाड होते आणि चौरस मीटरला सुमारे 30 किलो भरते. जुन्या स्लायडिंगच्या सेक्शनमध्ये, म्हणजे चौकटीच्या पट्टीत, ती बसतच नाही, आणि नवीन घेतला तरी रोलर दणकट लागतात.

या अनुभवानंतर आम्ही बेडरूमला लॅमिनेटेड घेतली, तीही स्लायडिंग काढून ओपनेबल शटरमध्ये. स्लायडिंगच्या कडेला ब्रश असतो, ओपनेबल चारी बाजूंनी रबरी गास्केटवर दाबून बसतं. ग्रिल बाहेर असल्याने शटर आत उघडतं, पडद्याची थोडी कटकट होते. पैसे चुकते करण्याआधी खिडकी लावून कडेने पेटती उदबत्ती फिरवली. हॉलच्या जुन्या स्लायडिंगला जिथे दोन शटर एकमेकांना भिडतात तिथे धूर सरळ आत वळला. बेडरूमला फक्त खालच्या कोपऱ्यात हलला. तिथलं गास्केट दोन बोटं आखूड कापलेलं होतं. ते त्याच दिवशी बदलून घेतलं.