अमेरिकेत बेनिफिट्स किंवा आयडेंटिटी फ्रॉडची केस लागली तर ग्रीन कार्डचं काय होतं?

फूड स्टॅम्पच्या (सरकारी अन्नमदतीच्या) फॉर्मवर उत्पन्न खोटं लिहिलं, दुसऱ्याचा सोशल सिक्युरिटी नंबर वापरला, अशी केस लागली तर कोर्टात दंड भरून विषय संपत नाही, इमिग्रेशनचं प्रकरण वेगळं सुरू होतं. सिटिझन नसलेल्या सगळ्यांना हे लागू, ग्रीन कार्डला वीस वर्षं झाली असली तरी.

आधी बघायचा तो नुकसानीचा आकडा. फ्रॉडमधलं नुकसान १०,००० डॉलरच्या वर गेलं की अ‍ॅग्रव्हेटेड फेलनी (इमिग्रेशन कायद्यातला सगळ्यात गंभीर गुन्ह्यांचा वर्ग), मग एक दिवसही जेल झाली नसली तरी डिपोर्टेशन आणि ते थांबवायचे बहुतेक रस्ते बंद. त्यामुळे प्ली अ‍ॅग्रीमेंटवर (गुन्हा कबूल करून सरकारी वकिलाशी केलेल्या करारावर) सही करण्याआधी भरपाईच्या ओळीत ९,८०० लिहिलंय का १०,४०० ते बोट ठेवून वाचा, तेवढ्या फरकावर संसार हलतो. रक्कम कमी असली तरी निर्धास्त राहू नका, देशात अ‍ॅडमिट झाल्यापासून (अधिकृत प्रवेश मिळाल्यापासून) ५ वर्षांच्या आत गुन्हा केला आणि त्याला कायद्यात वर्षभर शिक्षा होऊ शकत असेल तरी डिपोर्ट करता येतं.

"गिल्टी म्हणा, प्रोबेशन संपलं की केस डिसमिस" असं कोणी सांगितलं तर थांबा, इमिग्रेशन कायद्यात ते बहुधा कन्व्हिक्शनच (गुन्हा सिद्ध झाला असंच) धरतात. २०१० च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानुसार डिपोर्टेशनचा धोका सांगणं क्रिमिनल वकिलाचं कामच आहे, तेव्हा स्पष्ट विचारा.

नोकरीच्या पहिल्या दिवशीचा आय-९ फॉर्म (काम करायचा हक्क आहे का ते तपासणारा), त्यात मुद्दाम सिटिझनच्या चौकटीत टिक केलं तर केस न होताही ग्रीन कार्ड कायमचं अडतं, त्याला वेव्हर (माफी) नाही. व्हिसासाठी खोटं बोललात तर आय-६०१ वेव्हर मागता येतो पण त्याला नवरा-बायको किंवा आई-वडील सिटिझन वा ग्रीन कार्डवाले लागतात, अमेरिकेत जन्मलेलं मूल चालत नाही.

बेनिफिट नियमात बसून घेतला असेल तर तो फ्रॉड नाही. चुकून जास्त पैसे आल्याचं पत्र आलं तर दडवू नका, मुदतीत लेखी उत्तर द्या.

इमिग्रेशन वकिलाकडे जाताना पासपोर्ट, आय-९४ (देशात प्रवेशाची नोंद), ग्रीन कार्ड, चार्जशीट, प्ली अ‍ॅग्रीमेंट, भरपाईची ऑर्डर आणि कोर्टाची सर्टिफाइड डिस्पोझिशन (केसच्या निकालाची प्रमाणित प्रत) न्या. आणि त्याने कागद बघेपर्यंत लग्नकार्याला म्हणूनही भारतात येऊ नका, परत जाताना एअरपोर्टवर ग्रीन कार्डवाल्यालाही अडवतात.